आरशांच्या गल्लीचा पहिला आरसा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'आरशांची गल्ली'. नवीन राहायला आलेली माणसं ती पाटी वाचतात आणि मनाला येईल ते ठोकून देतात. कुणी म्हणतं, इथे पूर्वी आरसे करणारे कारागीर राहायचे. कुणी म्हणतं, कुठल्याशा श्रीमंत बाईला आरशांचा नाद होता. परवा दुधाच्या रांगेत एक बाई मलाच समजावून सांगत होती, की इथे म्हणे आरशांचा मोठा कारखाना होता आणि तो जळला.

जळला, हे बरोबर आहे. पण कारखाना नव्हे. माझा भाऊ आणि माझा नवरा एकमेकांवर जळत होते. गल्लीला नाव मिळालं ते त्यातून. बाकी सगळ्या थापा आहेत.

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, गल्लीत सलून होतं. बाबांनी सुरू केलेलं, दादाने वाढवलेलं. दुकान खोल होतं. आतल्या भिंतीला आरसा आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या, म्हणजे बसणाऱ्याची पाठ रस्त्याकडे. रस्त्याच्या बाजूला बाहेर उघडणारं लाकडी दार. सगळी गल्ली दादाला 'वस्ताद' म्हणायची. हात खरोखरच तसा होता. डुलक्या घेणाऱ्या माणसाची दाढी तो अशी करायचा, की त्याची झोप मोडायची नाही. स्वभाव मात्र असा, की दुसऱ्या कुणाचं चांगलं म्हणायचं झालं तर जीभ टाळ्याला चिकटायची. मी केलेल्या चहालासुद्धा तो 'गरम आहे' एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या खुर्चीवर हे काम करायचे. तेव्हा ते माझे 'हे' नव्हते, दादाच्या हाताखाली शिकायला आलेला एक मुखदुर्बळ मुलगा होता. दादा त्यांना 'अरे गाढवा' अशी हाक मारायचा. पुढे लग्नाची बोलणी झाली तेव्हा घरात दादानेच शब्द टाकला. म्हणाला, "मुलगा बरा आहे. सकाळी वेळेवर येतो." एवढ्या शिफारशीवर माझं लग्न झालं. त्यानंतर बहिणीचा नवरा म्हणून दादाला त्यांना 'तुम्ही' म्हणावं लागलं. पहिले काही महिने त्याच्या तोंडून ते दात उपटल्यासारखं बाहेर यायचं.

कुठल्याही न्हाव्याची एक अडचण असते. तो गावाचे केस कापतो, स्वतःचे कापू शकत नाही. त्यासाठी दुसरा न्हावी लागतो. सुट्टीच्या दिवशी दादा आणि हे दुकानाचं दार आतून लावून घ्यायचे, दिवा लावायचे आणि एकमेकांचे केस कापायचे. आधी दादा बसायचा, मग हे. बाहेरून फक्त कात्रीचा आवाज यायचा. दोघं एक शब्द बोलत नसत. मी डबा घेऊन गेले तरी दार उघडायचे नाहीत. म्हणायचे, "बाहेर ठेव." नवरा-बायकोत नसेल असं काहीतरी त्या बंद दाराआड चालायचं, आणि मला ते आवडायचं नाही. खोटं कशाला बोलू?

बिघडलं ते दुसऱ्या खुर्चीमुळे. गिऱ्हाइकं येऊन बाकावर बसायची, वर्तमानपत्र उघडायची. दादाची खुर्ची रिकामी व्हायची. तो फडकं झटकून म्हणायचा, "या." त्यावर समोरचा म्हणायचा, "चालू द्या वस्ताद, मला घाई नाही. मी थांबतो." आणि नजर यांच्या खुर्चीकडे. आधी एखाददुसरा होता, मग बाकच भरायला लागलं. दादाने वाट बघितली. मग त्याला वाटलं, खुर्चीचाच काही गुण असेल. पंख्याचा वारा तिकडे जास्त लागत असेल. त्याने खुर्च्यांची अदलाबदल केली. यांना पहिली दिली, स्वतः दुसरी घेतली. गिऱ्हाइकं मुकाट्याने पहिलीकडे वळली. दादा रिकाम्या खुर्चीमागे उभा राहून तोच कंगवा पुन्हा पुन्हा धुवायचा.

शेवटी एका ओल्या टॉवेलवरून भांडण काढलं. टॉवेल खुर्चीच्या दांडीवर का टाकला, म्हणून. यांनी आपला वस्तरा आणि कात्री रुमालात गुंडाळली आणि घरी आले. समोरच्या बाजूला एका चांभाराचं दुकान रिकामं होत होतं. आम्ही ते घेतलं. दादाने गल्लीभर सांगितलं, "केसाने गळा कापला माझा." लोकांना मजा वाटली. न्हाव्याने न्हाव्याबद्दल म्हटलं ना!

दुकान मांडल्यावर पहिली सुट्टी आली. यांनी नवी खुर्ची पुसली. पांढरी चादर झटकून तिच्यावर घडी करून ठेवली. दार लोटलं आणि दिवा लावून बसले. मी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तर म्हणाले, "वस्ताद येतील. भांडण वेगळं, केस वेगळे." दादा आला नाही. त्यापुढच्या सुट्टीलाही आला नाही. मग यांनी दिवा लावणं बंद केलं आणि बस पकडून कुठल्या तरी लांबच्या सलूनमध्ये केस कापून आले. त्या दिवसापासून यांच्या मनात एकच गोष्ट बसली, की वस्तादांना आपला हात पसंत नाही. पूर्वी नाइलाज होता म्हणून बसत होते.

मी म्हणायचे, "अहो, बाक भरलेलं असतं. माणसं आपल्या पोरांना घेऊन येतात. अजून काय हवं?" हे म्हणायचे, "लोकांना काय कळतं?" मी म्हणायचे, "मला तर कळतं ना? मी न्हाव्याची मुलगी आहे. बाबांच्या हाताखालचे टॉवेल मी धुतलेत. तुमच्यासारखा हात मी पाहिला नाही." यावर हे हसायचे आणि विषय बदलायचे. बायकोचं मत म्हणजे भाजीबरोबर फुकट मिळालेली कोथिंबीर.

थोड्याच दिवसांत दादाच्या दुकानाच्या दारावर आरसा दिसला. माणूसभर उंचीचा, चांगल्या काचेचा. दाराच्या आतल्या अंगाला जडवलेला होता, पण दुकान उघडलं की दार बाहेरच्या भिंतीला टेकायचं आणि आरशाचं तोंड रस्त्याकडे व्हायचं. येणारे-जाणारे थांबायला लागले. शाळेतल्या मुली रिबिनी नीट करायच्या. ऑफिसला जाणारे कॉलर सरळ करायचे. एक म्हातारेबुवा रोज येऊन नुसते जीभ काढून बघायचे. दादाच्या दारात सदानकदा चार माणसं.

हे आमच्या दारातून बघत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक ओढायची युक्ती काढली वस्तादांनी." आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या दुकानाबाहेर त्याहून मोठा आरसा लागला. लाकडी चौकट, वर कोरीव पट्टी. तो पाहून दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दाराच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीला आणखी एक लावला. यांनी पायरीच्या दोन्ही अंगांना लावले. आता दादाला आपल्या खुर्चीमागे उभं राहूनच आतल्या आरशात आमचं दुकान दिसायला लागलं. कोण आत गेलं, कोण हसत बाहेर आलं, सगळं. हात गिऱ्हाइकाच्या गालावर आणि डोळे आमच्या दारावर. एकदा बँकेतला कॅशियर दाढीला बसला होता. तेवढ्यात दादाचं जुनं, बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक आमची पायरी चढताना त्याला आरशात दिसलं. दादाच्या हाताखाली कॅशियरची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी ठेवण्यात अर्थ नव्हता. कॅशियर आठवडाभर तोंडावर रुमाल धरून नोटा मोजत होता, आणि त्याची बायको मात्र दादाला दुवा देत होती.

आमच्या दोघींचं वेगळं चालायचं. रोज सकाळी वहिनी तिकडचे आरसे पुसायची, मी इकडचे. ओलं वर्तमानपत्र घेऊन दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. पण पाठ करून उपयोग काय? माझ्या आरशात तिचा आरसा दिसायचा, त्यात तिचं तोंड, आणि तिच्या आरशात तसंच माझं. तिने नवी साडी नेसली की मला कळायचं. मी रडलेली असले की तिला कळायचं. ती जास्त वेळ पुसत राहिली की मीही आत जायची नाही. पुसून पुसून काच झिजेल, असं शिंपी म्हणायचा.

हा शिंपी दादाच्या शेजारचा. दोघांचं बघून त्यानेही एक आरसा लावला. मग चपलेच्या दुकानाने जमिनीलगत लावले. फळवालीने फळांच्या मागे आरसा ठेवला, म्हणजे ढीग दुप्पट दिसतो. दुपारचं ऊन आलं की गल्लीत डोळे उघडून चालता येत नसे. रिक्षावाले शिव्या घालायचे. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "त्या आरशांच्या गल्लीतून डावीकडे वळा." आम्ही मात्र ते कधी कानावर घेतलं नाही. आम्हाला आपापली दुकानंच दिसत होती.

या सगळ्यात एक गोष्ट गल्लीला कळत नव्हती. दादा, ज्याने आयुष्यभर उघड्या डोक्याने मिरवलं, तो टोपी घालायला लागला होता. टोपीच्या खाली मानेवर केस असे दिसायचे, की उंदराने कुरतडले असावेत. कुठे पायरी, कुठे टक्कल. शिंप्याने विचारलं तर दादा म्हणाला, "नवीन फॅशन आहे." वस्तादच म्हणतोय म्हणून दोन पोरांनी तसे केस कापून मागितले. मला शंका यायची, पण मी विचारायची कशी? बोलणंच बंद होतं.

मग पालिकेने ठरवलं, की शहरातल्या बिननावाच्या गल्ल्यांना नावं द्यायची. आमची गल्ली तोवर 'बाजाराच्या मागची' होती. आमच्या भागातल्या नगरसेविका बाई येणार, लोकांना विचारणार, जास्त लोक म्हणतील ते नाव पाटीवर जाणार, असं कळलं. दादाला जणू चळ लागला. 'वस्तादांची गल्ली' हे नाव त्याच्या मनात पक्कं होतं. दाढीला बसलेल्या प्रत्येकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून तो गोड आवाजात विचारायचा, "काय, नाव काय सांगणार मग?" त्या अवस्थेत कोण दुसरं नाव सांगेल?

यांना पाटीचं काही नव्हतं. मला होतं. खरं तेच सांगते. बाबांचं दुकान दादाला मिळालं, बाबांचा वस्तरा दादाला मिळाला, आता गल्लीही त्याचीच व्हायची? माझ्या पोटात दुखायला लागलं. मी यांच्या मागे भुणभुण लावली, "तुम्ही काय कमी आहात? गल्लीतली निम्मी डोकी तुमच्या हाताखालची आहेत." शेवटी तेही पेटले. शिंप्याकडे गेले, चपलेवाल्याकडे गेले. मी बायका गाठल्या. तिकडून वहिनी बायका गाठत होती. एकाच जिन्यावर आम्ही दोघी समोरासमोर आलो आणि एकमेकींना न बघितल्यासारखं करून एकाच घराची कडी वाजवली.

नगरसेविका बाई आल्या त्या संध्याकाळी शिंप्याने आपल्या ओट्यावर खुर्ची मांडली होती. गल्लीभर माणसं. दादा टोपी घालून एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. बाईंनी विचारलं, "बोला, काय म्हणता तुम्ही या गल्लीला?"

कुणी काही बोलायच्या आत फळवाली म्हणाली, "त्यात विचारायचं काय? आरशांची गल्ली. सगळं शहर म्हणतं."

आणि सगळ्यांचे हात वर गेले. दादाने ज्यांच्या गळ्याला वस्तरा लावला होता त्यांचेही, आणि मी ज्यांच्या घरी बसून चहा प्यायले होते त्यांचेही. मी दादाकडे पाहिलं. त्याचं तोंड पडलं होतं. मग त्याने यांच्याकडे पाहिलं, यांचंही पडलेलं दिसलं, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. आपलं नाव लागलं नाही, पण समोरच्याचंही लागलं नाही, हे सुख काय असतं ते मला विचारा. मलाही तेच झालं होतं.

पण दादाला तेवढ्यावर गप्प बसवेना. तो पुढे होऊन म्हणाला, "चालेल. आरशांची तर आरशांची. पण पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहा, पहिला आरसा कुणी लावला ते."

"कुणी लावला?" बाईंनी विचारलं.

"मी."

हे उसळले. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. म्हणाले, "गल्लीसाठी लावला होता का? माझं दुकान निघालं आणि दुसऱ्या महिन्यात दारावर आरसा आला. गिऱ्हाईक पळवायला लावलेला आरसा तो. त्याचं नाव पाटीवर कशाला?"

"मी गिऱ्हाईक पळवतो?" दादा ओरडला. "मी? दुसऱ्या खुर्चीमागे उभं राहून माझ्या डोळ्यांदेखत माझं अख्खं बाक नेलं कुणी?"

नगरसेविका बाई हात वर करून म्हणाल्या, "भांडू नका हो. वस्ताद, तुम्हीच सांगा. आरसा लावलात तो कशासाठी?"

दादाचा हात टोपीकडे गेला. मी त्याला ओळखते. खोटं बोलायला तो कधी कचरायचा नाही. 'लोकांच्या सोयीसाठी' म्हणाला असता तर विषय मिटला असता. पण चोरीचा आळ त्याला फार झोंबला होता. त्याने टोपी काढली आणि पाठ वळवली.

"हे बघा," तो म्हणाला. "यासाठी. दार लावलं की आरसा माझ्या मागे येतो. पुढे एक, मागे एक. दोन्हीत बघून मी माझं डोकं भादरतो. गिऱ्हाइकाचा काय संबंध? दोन आरशांत हात उलटा पडतो, तेवढं तुम्हाला दिसतंच आहे."

लोक हसायला लागले. शिंपी तर खाली बसला. फॅशन म्हणून तसे केस कापून घेतलेली पोरं एकमेकांच्या मानेकडे बघत होती. हे एकटे हसले नाहीत. ते चार पावलं पुढे आले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"मी समोर होतो ना वस्ताद," ते म्हणाले. "मी खुर्ची पुसून बसलो होतो. रस्ता ओलांडायचा होता नुसता. एवढा वाईट हात आहे का माझा?"

दादाने वळून पाहिलं. "वाईट? वाईट असता तर आलो असतो की! दर सुट्टीला आलो असतो. मान खाली घालून बसलो असतो आणि उठताना चार चुका काढून घरी गेलो असतो. अरे गाढवा, तुझ्या हातात काढायला चूकच उरली नव्हती. मी काय करायला येऊ?"

कुणी हसलं नाही. नगरसेविका बाईंनी बरोबरच्या माणसाला हळूच सांगितलं, "नुसतं 'आरशांची गल्ली' लिहा. खाली काही नको." दादाने टोपी घातली आणि तो दुकानात गेला. हे तिथेच उभे.

पुढच्या सुट्टीला दादा रस्ता ओलांडून आला. पुढे आयुष्यभर येत राहिला, आणि उठताना दर वेळी काहीतरी खोटी चूक काढत राहिला. कधी कानामागे राहिलं म्हणायचा, कधी मान टोचते म्हणायचा. हात चालेनासा झाल्यावर त्याने दुकान बंद केलं, तेव्हाही तो आमच्या बाकावर येऊन बसायचा आणि यांच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघायचा. शेवटच्या आजारपणातही त्याचे केस यांनीच कापले. हे सगळं छान झालं. गल्लीतली माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा इथे येऊन थांबतात आणि डोळे पुसतात.

मी मात्र ती सभेची संध्याकाळ सांगते. आम्ही घरी आलो. हे जेवायला बसले आणि घास हातात धरून राहिले. तोंडावर जे काही होतं, ते मी आमच्या लग्नात पाहिलं नव्हतं. पोरगा झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी इतकी वर्षं तेच सांगत होते. ताटावर, अंथरुणावर, आजारी असताना, भांडताना, तुमच्यासारखा हात नाही, तुमच्यासारखा हात नाही. माझं सगळं वाऱ्यावर गेलं. आणि माझ्या भावाने भर गल्लीत एकदा ओरडून सांगितलं, तेही 'गाढवा' म्हणून, तर हा माणूस जेवण विसरून बसला होता. असा राग आला मला दादाचा, की बाबांचं दुकान त्याला मिळालं तेव्हाही तेवढा आला नव्हता.

"ऐकलंस ना," हे म्हणाले, "वस्ताद काय म्हणाले ते?"

मी आमटी वाढली.

"चूकच उरली नाही म्हणाले. तू होतीस ना तिथे? ऐकलंस ना?"

"नाही," मी म्हटलं. "माझं लक्ष नव्हतं."